शेजारच्या खोलीपर्यंतची वाट

बंगळुरूच्या कोरमंगला भागातून निघून बाह्य वळणरस्ता ओलांडत आनेकल तालुक्यातील सर्जापूर गावाकडे जाणारा सर्जापूर रोड भारतीय संगणक-उद्योगात सर्वांच्या परिचयाचा आहे. २९ डिसेंबर १९४५ रोजी खानदेशातील अमळनेर येथे वनस्पती तेलाचा उद्योग म्हणून स्थापन झालेल्या विप्रोचे मुख्यालय याच रस्त्यावर, दोड्डकन्नेल्ली येथे आहे. आसपासच्या गृहसंकुलांत राहणाऱ्या अनेकांचा दिवस दूरदेशीच्या संगणकांशी संवाद साधण्यात जातो. संध्याकाळी मात्र त्यांच्यापैकीच एखाद्याला घरातील एका लिनक्स संगणकावरील छायाचित्रे शेजारच्या खोलीतील दुसऱ्या लिनक्स संगणकावर न्यायची असतात आणि पडद्यावर एक कोरडी ओळ उमटते : ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’.

यानंतर बहुतेक घरांत तीनपैकी एक गोष्ट घडते. कोणी पेनड्राइव्ह शोधतो. कोणी फाइल परदेशी कंपनीच्या क्लाउडवर चढवतो आणि ती परत उतरवून घेतो. दहा पावलांच्या अंतरासाठी फाइल शेकडो किंवा हजारो किलोमीटर फिरून येते. तिसरा मार्ग सर्वांत घातक. वैतागलेला माणूस फायरवॉल बंद करतो, प्रत्येक फोल्डर सर्वांना खुले करतो, मुख्य प्रशासक खात्याला थेट प्रवेश देतो आणि काम झाल्यावर हे सारे पूर्ववत करायला विसरतो.

हा वैताग टाळण्यासाठी थोडा इतिहास ठाऊक असणे उपयोगी पडते. घरच्या दोन संगणकांमध्ये येणारा प्रत्येक अडथळा कोणीतरी, कोणत्यातरी वर्षी, विचारपूर्वक उभा केलेला आहे. तो कोणी आणि का उभा केला हे कळले, की पडद्यावरील ओळ एखाद्या पत्त्यासारखी वाचता येते.

या इतिहासाचा आरंभ एका भारतीय अभियंत्यापाशी होतो. अभय भूषण हे आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे, १९६५ सालचे, विद्युत अभियांत्रिकीचे पदवीधर. पुढे ते अमेरिकेत एमआयटी येथे गेले आणि अर्पानेट या प्रायोगिक जाळ्याच्या कामात सहभागी झाले. १६ एप्रिल १९७१ रोजी त्यांनी ‘आरएफसी ११४’ हा मसुदा लिहिला. फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल, म्हणजेच एफटीपी, याचे हे पहिले लिखित रूप. त्या वेळी भूषण विशीत होते.

त्यांच्यापुढचा प्रश्न आजच्या प्रश्नापेक्षा वेगळा होता. जाळ्यावर यंत्रे मोजकी होती, परंतु त्यांची घडण एकमेकांशी जुळत नव्हती. पीडीपी-१० या संगणकाचा एक शब्द ३६ बिटांचा, तर आयबीएम ३६० हा ८ बिटांच्या बाइटवर उभा. एका यंत्रावरील फाइल दुसऱ्यावर जशीच्या तशी ठेवली तर तिचा अर्थच हरवे. म्हणून मजकूर कसा पाठवायचा आणि कच्चे बिट कसे पाठवायचे याचे नियम ठरवावे लागले. एफटीपीमधील ‘ॲस्की’ आणि ‘बायनरी’ हा भेद या काळाचा वारसा आहे. आजही एखादे छायाचित्र चुकून ‘ॲस्की’ पद्धतीने पाठवले गेले तर ते पोहोचते, पण उघडत नाही.

पुढील सुधारणांमध्ये एफटीपीने आज्ञांसाठी एक जोडणी आणि प्रत्यक्ष फाइलसाठी दुसरी जोडणी अशी रचना स्वीकारली. मूळ पद्धतीत ही दुसरी जोडणी सर्व्हर स्वतःहून ग्राहक-यंत्राकडे उघडत असे. परस्परांना ओळखणाऱ्या संशोधन-संस्थांच्या जाळ्यात त्यात काहीच वावगे नव्हते. आजचे यंत्र मात्र बाहेरून अचानक आलेल्या हाकेला दार उघडत नाही. म्हणूनच एफटीपीवर पासवर्ड स्वीकारला जातो, स्वागताची ओळ दिसते आणि फाइलींची यादी मागताच सारे गोठते. फेब्रुवारी १९९४ मध्ये स्टीव्ह बेलोविन यांनी फायरवॉलशी जुळवून घेणाऱ्या एफटीपीविषयी टिपण प्रसिद्ध केले. दोन्ही जोडण्या ग्राहकानेच उघडाव्यात, हे त्याचे सार. त्या मार्गाला ‘पॅसिव्ह’ पद्धती म्हणतात आणि यादीपाशी अडकलेल्या एफटीपीवर पहिला उपाय म्हणून आजही तोच करून पाहिला जातो.

भारतात संगणकांचे जाळे उभे राहिले तेही फाइल-नकलेच्याच आधारावर. १९८६ साली इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने एर्नेट हा प्रकल्प हाती घेतला. मुंबईच्या जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, पाच आयआयटी आणि स्वतः इलेक्ट्रॉनिक्स विभाग असे आठ सहभागी होते. एनसीएसटीचे डॉ. एस. रमाणी हे या कामातील अग्रणी. आरंभी या जाळ्यावर एकच सेवा होती : यूयूसीपीद्वारे जाणारी ईमेल. यूयूसीपी म्हणजे ‘युनिक्स-टू-युनिक्स कॉपी’. बेल लॅब्समध्ये १९७०च्या दशकात तयार झालेला हा कार्यक्रम दूरध्वनीवरून दुसऱ्या युनिक्स यंत्राला फोन लावी, फाइल पोहोचवी आणि फोन ठेवून देई. त्या काळचे एर्नेटवरील पत्र म्हणजे एका यंत्रावरून दुसऱ्यावर उतरवलेली फाइलच होती.

बंगळुरूलाही दूरच्या यंत्राशी जोडून घेण्याचा असाच अनुभव आला. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ साली शहरात रचना-केंद्र उघडले आणि अमेरिकेतील मुख्य कार्यालयाशी संपर्कासाठी स्वतंत्र उपग्रह-जोडणी उभारली. त्यासाठीचे साहित्य बैलगाडीतून नेल्याची हकीकत शहरात आजही सांगितली जाते. त्या काळच्या वेगांची कल्पना एका साध्या गणिताने येते. जानेवारी १९९१ मध्ये एर्नेटने दिल्ली आणि मुंबई यांच्या दरम्यान पहिली भाडेतत्त्वावरील वाहिनी सुरू केली. तिचा वेग सेकंदाला ९,६०० बिट होता. आजच्या मोबाइलवर काढलेले ५ मेगाबाइटचे एक छायाचित्र म्हणजे सुमारे ४ कोटी बिट. त्या वाहिनीवर ते पोहोचण्यास, कोणताही खंड न पडता, जवळजवळ ७० मिनिटे लागली असती. घरातील गिगाबिट केबलवर त्याच छायाचित्राला सेकंदाचा पंचविसावा भाग पुरतो. वेग असा लाखपट वाढला. आजच्या घरात जोडणी होत नाही, तिचे कारण वेगात नसते. ते विश्वासाच्या आणि पत्त्यांच्या इतिहासात असते.

आधी विश्वास. १९८३ साली आलेल्या बर्कली युनिक्सच्या ४.२ आवृत्तीत ‘आरसीपी’ आणि ‘आरएसएच’ या आज्ञा होत्या. एका यंत्राने दुसऱ्याचे नाव विश्वासू यंत्रांच्या यादीत लिहिले, की तेथून येणाऱ्याला पासवर्डसुद्धा विचारला जात नसे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी सुटलेल्या मॉरिस वर्मने हाच विश्वास वापरून एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर उड्या घेतल्या. एफटीपी आणि टेलनेट पासवर्ड विचारत, पण तो उघड मजकुरात पाठवत. वाटेत बसून ऐकणाऱ्याला तो सहज वाचता येई.

याच सुमारास लिनक्सचा जन्म झाला आणि त्याच्या बारशाशी एफटीपीचा थेट संबंध आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी सप्टेंबर १९९१ मध्ये आपला कर्नल फिनलंडमधील एका एफटीपी सर्व्हरवर ठेवण्यास दिला. त्यांच्या मनात ‘फ्रीक्स’ हे नाव होते. सर्व्हर सांभाळणाऱ्या आरी लेम्के यांनी फोल्डरला ‘लिनक्स’ असे नाव दिले आणि तेच पुढे रूढ झाले. भारतात १९९६ साली ‘पीसी क्वेस्ट’ मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी दिली. इंटरनेटचा वेग तुटपुंजा असलेल्या देशात लिनक्सच्या प्रसाराला या सीडींनी मोठा हातभार लावला.

१९९५ साली फिनलंडमध्येच पुढचे वळण आले. हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यात कोणीतरी पासवर्ड चोरून ऐकत असल्याचे उघड झाले. तेथील संशोधक तातू यल्योनेन यांनी त्यावर उपाय म्हणून संपूर्ण संभाषण कूटबद्ध करणारा कार्यक्रम लिहिला : एसएसएच. त्यांनी त्यासाठी २२ हा पोर्ट क्रमांक मागितला आणि तो मिळालाही. एफटीपीचा २१ आणि टेलनेटचा २३ यांच्या मधली ती मोकळी जागा होती. १ डिसेंबर १९९९ रोजी ओपनबीएसडीच्या २.६ आवृत्तीबरोबर ओपनएसएसएच आले. आज लिनक्स संगणकांमध्ये फाइल पाठवण्याचे बहुतेक मार्ग, एससीपी असो, एसएफटीपी असो वा आरसिंक, सामान्यतः याच २२ क्रमांकाच्या दारातून जातात.

आता पत्ते. १९९० साली एर्नेटला १४४.१६ या आकड्यांनी सुरू होणारा पत्त्यांचा गट मिळाला. त्यात ६५,५३६ पत्ते होते आणि देशातील शैक्षणिक जाळ्याची उभारणी त्यावर झाली. पण जगभर यंत्रांची संख्या ज्या वेगाने वाढत होती, त्यापुढे असे गट पुरणार नाहीत हे लवकरच उमगले. मे १९९४ मध्ये पत्ता-भाषांतराची, म्हणजे नॅटची, कल्पना मांडली गेली. फेब्रुवारी १९९६ मध्ये काही पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवले गेले. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांपैकीच. योगायोग असा, की त्या गटातही ६५,५३६ पत्ते आहेत. जो आकडा एके काळी देशाच्या शैक्षणिक जाळ्याला मिळाला, तो आता कोणत्याही घराला फुकट वापरता येतो. अट एवढीच, की ते पत्ते घराबाहेर निरर्थक ठरतात.

घरातील अनेक कोडी या तोडग्यातून निर्माण झाली आहेत. फायबर-सेवा देणारा एक राउटर बसवून जातो. सिग्नल पुरत नाही म्हणून घरमालक स्वतःचा दुसरा राउटर जोडतो. दोन्ही राउटर आपापले खासगी पत्ते वाटू लागतात. एक संगणक १९२.१६८.१ च्या कुळातला, दुसरा १९२.१६८.० च्या कुळातला. दोघांनाही इंटरनेट मिळते, म्हणून कोणाला शंका येत नाही. पण आतल्या राउटरमागचे यंत्र बाहेरच्या राउटरवरील यंत्राला हाक मारू शकते. उलट दिशेची हाक मात्र राउटरपाशीच विरून जाते. ‘इकडून जाते, तिकडून येत नाही’ अशी तक्रार ऐकली, की प्रथम दोन्ही यंत्रांचे पत्ते शेजारी शेजारी लिहून पाहावेत. दुसरा राउटर केवळ ब्रिज किंवा ॲक्सेस पॉइंट म्हणून चालवला, की दोन्ही कुळे एक होतात.

याच्या जोडीला वीज जाण्याचा प्रश्न असतो. वीज गेली की राउटर पुन्हा सुरू होतो आणि डीएचसीपीच्या नियमानुसार यंत्रांना पत्ते पुन्हा वाटतो. काल ५ क्रमांकावर असलेला संगणक आज ८ वर गेलेला असू शकतो, आणि ५ वर कदाचित दूरचित्रवाणी संच बसलेला असतो. यावर उपाय दोन. राउटरमध्ये त्या यंत्रासाठी पत्ता राखून ठेवावा, किंवा आकड्याऐवजी ‘.लोकल’ ने संपणारे नाव वापरावे. स्थानिक जाळ्यात नाव पुकारून यंत्र शोधण्याची ही पद्धत फेब्रुवारी २०१३ मध्ये अधिकृत दस्तऐवजात आली. लिनक्सवर हे काम ‘अवाही’ नावाची सेवा करते.

मार्च २०२० नंतर घरोघरी कार्यालये आली आणि आणखी एक अडथळा वाढला. कंपनीचा व्हीपीएन चालू असताना लॅपटॉप आपली सारी वाहतूक कार्यालयाच्या बोगद्यातून पाठवू शकतो. मग समोरच्या टेबलावरील संगणकही त्याला दिसत नाही. ही योजना कंपनीच्या सुरक्षिततेसाठी मुद्दाम केलेली असते. ती मोडण्याच्या भानगडीत न पडता वैयक्तिक फायली वैयक्तिक यंत्रावरच ठेवणे शहाणपणाचे.

एवढा इतिहास हाताशी असला, की पडद्यावरील ओळी बोलू लागतात. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ ही बहुधा चांगली बातमी असते. पॅकेट समोरच्या यंत्रापर्यंत पोहोचले आणि त्या दारामागे ऐकणारा कोणी नाही असे उत्तर परत आले. उबुंटूच्या डेस्कटॉप आवृत्तीत एसएसएचने हाक मारण्याची सोय आधीपासून असते, हाक ऐकणारा सर्व्हर मात्र वेगळा बसवावा लागतो. बहुसंख्य घरांतील गाडी येथेच अडलेली असते.

‘कनेक्शन टाइम्ड आउट’ याचा अर्थ निराळा. येथे उत्तरच आले नाही. एक तर पत्ता चुकला, किंवा पॅकेट वाटेत कोणीतरी निमूटपणे टाकून दिले. लिनक्स कर्नलमध्ये पॅकेट गाळण्याची सोय १९९९ साली आयपीचेन्सच्या, २००१ साली आयपीटेबल्सच्या आणि २०१४ साली एनएफटेबल्सच्या रूपात विकसित होत गेली. आलेल्या पॅकेटला उत्तर न देता ते नाहीसे करणे हा तिच्या मूलभूत पर्यायांपैकी एक आहे. अनोळखी पाहुण्याला घर रिकामे वाटावे, हा त्यामागचा हेतू. वाय-फायच्या ‘गेस्ट’ जाळ्यातही असेच घडते. तेथील यंत्रांना इंटरनेट मिळते, पण सामान्यतः परस्परांशी बोलता येत नाही.

‘नो रूट टू होस्ट’ ही ओळ फसवी आहे. स्थानिक जाळ्यात त्या पत्त्यावर कोणीच नसेल तर ती दिसते. परंतु फेडोरासारख्या प्रणालींतील फायरवॉलडी ही फायरवॉल पॅकेट नाकारताना जो निरोप धाडते, त्याचेही भाषांतर हाक मारणारे यंत्र याच शब्दांत करते. म्हणजे रस्ता असतो, पहारेकरीही असतो, आणि तरी वाचणाऱ्याला वाटते की रस्ताच नाही. पिंग या आज्ञेला उत्तर येत असूनही ही ओळ दिसली, तर संशय पहाऱ्यावर घ्यावा.

‘परमिशन डिनाइड’ दिसली म्हणजे जाळ्याचे काम संपले. आता प्रश्न ओळख पटण्याचा. किल्लीच्या जोडीने प्रवेश करताना ओपनएसएसएच आणखी एक तपासणी करते. वापरकर्त्याचे गृह-फोल्डर किंवा किल्ल्यांचे फोल्डर इतरांना लिहिण्यासाठी खुले असेल, तर योग्य किल्लीही नाकारली जाते. अडचण सुटावी म्हणून सर्व फोल्डर सर्वांना खुले करणारा माणूस अशा रीतीने स्वतःच नवे कुलूप लावून घेतो.

जुन्या आणि नव्या यंत्रांच्या भेटीत याहून वेगळी अडचण येते. सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच ८.८ ने आरएसए किल्ल्यांच्या जुन्या, एसएचए-१ वर आधारलेल्या सह्या स्वीकारणे थांबवले, कारण ती पद्धत आता पुरेशी मजबूत उरलेली नाही. दहा-बारा वर्षांचा संगणक आणि ताजा लॅपटॉप यांची बोलणी मग पहिल्याच वाक्यात फिसकटतात. जुना नियम परत लागू करता येतो, पण शक्य असेल तर जुन्या यंत्रावरील प्रणाली अद्ययावत करणे हाच खरा इलाज होय. यजमान-यंत्राची ओळख बदलल्याचा मोठा इशाराही असाच समजून घ्यावा. प्रणाली नव्याने बसवली असेल किंवा पत्त्यांची अदलाबदल झाली असेल तर तो स्वाभाविक असतो. तसे काहीच घडले नसेल, तर इशारा पुसण्यापूर्वी कारण शोधले पाहिजे.

शोधाचा क्रम प्रयोगशाळेतल्यासारखा असावा. प्रथम दोन्ही यंत्रांचे पत्ते पाहावेत. मग पिंग, पण काही फायरवॉल पिंगलाही उत्तर देत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. त्यानंतर समोरच्या यंत्रावर २२ क्रमांकाच्या दारामागे कोणी ऐकत आहे का, ते त्याच यंत्रावर बसून तपासावे. त्या यंत्राने स्वतःलाच हाक मारून पाहावी. ती यशस्वी झाली, तर सर्व्हर निर्दोष आणि दोष वाटेत. मग फायरवॉल, आणि सर्वांत शेवटी किल्ल्या व परवानग्या. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदलाची नोंद ठेवावी. एकदम पाच बदल केल्यावर जोडणी झाली, तर कोणत्या बदलाने झाली हे कधीच कळत नाही आणि उरलेले चार बदल घराचे दार उघडे ठेवून जातात.

जोडणी झाली, पण निम्म्यावर तुटली, तर त्यासाठीही एक जुना सोबती आहे. जून १९९६ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी ऑस्ट्रेलियात आरसिंक प्रसिद्ध केला. तो दोन्ही टोकांवरील फायलींची तुलना करून जेवढा फरक असेल तेवढाच पाठवतो. लॅपटॉप झोपी गेला, वाय-फाय तुटले किंवा वीज गेली, तरी पोहोचलेल्या फायली पुन्हा पाठवाव्या लागत नाहीत आणि अर्धवट फाइल राखून ठेवण्याचा पर्यायही त्यात आहे. मंद आणि भरवसा नसलेल्या वाहिन्यांसाठी शोधलेली ही युक्ती आजच्या वेगवान घरातही तितकीच कामी येते.

भूषण यांच्या मसुद्याला २०२१ साली पन्नास वर्षे पूर्ण झाली. त्या काळी विजोड घडणीच्या यंत्रांना एकमेकांची भाषा शिकवणे हे काम होते. ते इतके नीट पार पडले, की आता कोणाच्या ध्यानातही येत नाही. नंतर आलेल्या अडथळ्यांनी यंत्रांना परक्यापासून सावध राहायला शिकवले. म्हणून घरातील दोन संगणक बोलत नसतील, तेव्हा पहारा कायम ठेवून आपल्या माणसाची ओळख त्याला पटवून द्यावी : सर्व्हर बसवावा, २२ क्रमांकाचे दार फक्त घरच्या जाळ्यापुरते उघडावे, आणि किल्ली ज्याची त्याच्याकडे द्यावी. एवढ्याने फाइल शेजारच्या खोलीत थेट पोहोचते.